न परवडलेला नरक

आमच्या घरात नरक छप्पन्न सालीच बंद झाला. आज्यानं दीक्षा घेतली आणि देव्हाऱ्यातल्या टाकांबरोबर यम, त्याचा रेडा आणि चित्रगुप्ताची वही असं सगळं गाठोड्यात बांधून ओढ्याला सोडलं. तरीसुद्धा अठरा नरकांना माझा हात लागलेला आहे, हे आधीच सांगून टाकतो. कुपवाडच्या एमआयडीसीत माझं वेल्डिंगचं शेड आहे. शेजारी धैर्यशीलचा फायबरच्या मूर्तींचा कारखाना. फायबरची मूर्ती आतून पोकळ असते, तिला उभं राहायला लोखंडाचा सांगाडा लागतो, तो मी करून देतो. यमाचा कणा माझ्या शेडात वाकवलेला आहे.

पण सांगायचं आहे ते धोंडुबाईचं. ती धैर्यशीलकडं चेहरे रंगवायची.

साठीला आलेली, उंच, काटक बाई. लुगड्यावर मेलेल्या नवऱ्याचा फुलबाह्यांचा शर्ट, नाकातोंडाला फडकं, कारण फायबर घासताना धूळ उडते आणि ती छातीत बसते. माण तालुक्यातली, म्हसवडपासून दोन कोसांवरच्या गावची. नावाबद्दल कुणी हसलं तर म्हणायची, "माज्या आदी दोन पोरं गेली आईची. म्हनून मला धोंडा केली. धोंड्याला मरान न्हाई." नवरा सूतगिरणीत होता, तो खोकून खोकून गेला. मूलबाळ नव्हतं. मग ती धैर्यशीलच्या बापाकडं पॉलिश पेपरनं मूर्ती घासायला लागली. एका वर्षी गणपती आठ दिवसांवर आले आणि डोळे काढणारा पेंटर दारू पिऊन पडला. धोंडुबाईनं ब्रश उचलला. त्या दिवसापासून कारखान्यातल्या प्रत्येक देवाला तिनं दिलेली नजर आहे.

तिची एक सवय होती. खऱ्या माणसाचा चेहरा डोळ्यांपुढं आल्याशिवाय तिला मूर्तीचा चेहरा यायचा नाही. आमच्या भागातल्या तीन गावांतला मारुती हा विट्याच्या एका एसटी कंडक्टरसारखा दिसतो, हे गावकऱ्यांना माहीत नाही. मला आहे. एक लक्ष्मी तर सरळसरळ दवाखान्यातली नर्स आहे. मी एकदा हसलो तर म्हणाली, "मिलिंदा, देवाला बगितलाय कुनी? कंडक्टरला मी बगितलंय. सुटे नसले तरी कदी खेकसला न्हाई."

तर दोन वर्षांपूर्वी आप्पासाहेब आले. साताऱ्याच्या अलीकडं, हायवेपासून थोडं आत, एका उघड्या माळावर एक संस्थान आहे. आप्पासाहेब त्याचे अध्यक्ष. पांढरे कपडे, कपाळाला बुक्का, दोन्ही हातांत एकेक मोबाइल. त्यांना भाविकांसाठी गुहा बांधायची होती, 'यमलोक दर्शन'. तिकीट लावून.

"लोकांत भीती राहिली नाही," ते धैर्यशीलच्या ऑफिसात बसून म्हणाले. "पोरं ऐकत नाहीत, सुना ऐकत नाहीत. आता कीर्तनानं भागत नाही. डोळ्यांनी दिसलं पाहिजे."

दाखवायला त्यांनी चित्रं आणली होती, नेटवरून काढलेली. त्यात आपल्या पोथीतला यम होता तसा पोरांच्या मोबाइल गेममधला लाल राक्षसही होता. वटवाघळाचे पंख, शिंगं, बाणासारखं शेपूट, हातात काटा. आप्पासाहेबांना तोच जास्त आवडला होता. धोंडुबाईनं चित्र हातात घेतलं, उलटं करून बघितलं, सुलटं करून बघितलं.

"ह्यो कुठला?"

"यमदूत."

"ह्येला शेपूट कशाला? रेडा हाय की यमाकडं, त्याला आसतंय की शेपूट."

धैर्यशील कसनुसं हसला. आप्पासाहेब हसले नाहीत. शेवटी शेपटाचे सहा यमदूत ठरले आणि बिनशेपटाचे चार.

मला गुहेतल्या नरकांची यादी मिळाली, सांगाड्यांची मापं काढायला. पोथीत नरक अठ्ठावीस आहेत. मी असली यादी पहिल्यांदाच वाचत होतो आणि वाचताना मला आमची जुनी मामलेदार कचेरी आठवली. प्रत्येक पापाला वेगळं टेबल, वेगळा कारकून, वेगळा शिक्का. एकीकडं उकळत्या तेलाची कढई, दुसरीकडं तलवारीच्या पानांचं जंगल, तिसरीकडं किड्यांची विहीर. ज्यानं कुणी हे लिहिलं त्याला छळाचे प्रकार फार बारकाईनं सुचत होते, आणि पुण्याचं विचाराल तर दोन ओळींत संपवलेलं. आमच्या आज्याला विहिरीवर पाणी भरू न देणाऱ्यासाठी त्यात कुठलं टेबल आहे का, हे मी शोधलं. नव्हतं. विहिरीला शिवणाऱ्यासाठी मात्र असावं असा मला दाट संशय आहे.

अठ्ठावीस नरक बसत नव्हते म्हणून आप्पासाहेबांनी दहा काटले. उरलेल्या अठरांत एकतीस पापी होते. धोंडुबाईनं पहिल्याच दिवशी मोजले आणि मला म्हणाली, "एकतीसात बावीस बाया हाईत रं." दुसऱ्या खेपेला आप्पासाहेब आले तेव्हा तिनं त्यांनाच विचारलं.

"आवं साहेब, पाप काय बायाच करत्यात व्हय?"

"तसं नाही बाई," आप्पासाहेब मोकळेपणानं म्हणाले. "पण बाईची मूर्ती असली की लोक थांबून बघतात."

नवऱ्याआधी जेवणारी, सासूला उलट बोलणारी, शेजारणीची चुगली करणारी, अशा त्या बावीस. सगळ्यांची तोंडं उघडी हवीत, अशी त्यांची ताकीद होती. किंकाळी दिसली पाहिजे.

धोंडुबाईनं पहिली केली ती कढईतली, कुंभीपाकातली. मी ती बघितली तेव्हा हातातला वेल्डिंगचा होल्डर खाली ठेवला. त्या बाईचं तोंड मिटलेलं होतं. जबडा घट्ट, नाकपुड्या ताणलेल्या, आणि डोळे समोर बघत असूनही कुणाकडं बघत नव्हते. आप्पासाहेबांनी तिच्याभोवती फेरी मारली.

"ही ओरडत का नाही?"

"भाजल्यालं मानूस पयल्यांदा वरडतंय," धोंडुबाई म्हणाली. "मग न्हाई. ओट हलवायला कातडं लागतंय, साहेब."

 मग आप्पासाहेब धैर्यशीलकडं वळले. "हे लोकांना कळायचं नाही. तोंड उघडा हिचं."

धैर्यशीलनं ग्राइंडर लावून तोंड फाडलं आणि आत लाल रंग भरला. आता ती बाई जांभई दिल्यासारखी दिसते. आप्पासाहेबांना पसंत पडली.

त्यानंतर आठवड्याभरानं धोंडुबाई दुपारच्या सुट्टीत भाकरी घेऊन माझ्या शेडात आली. तिला अक्षरं लावून वाचता यायचं, पण यादीतली भाषा संस्कृत वळणाची होती. "वाच मला," म्हणाली. "कोन कशापायी कुठं जातंय ते सांग."

मी वाचत गेलो. ती भाकरी मोडत ऐकत होती, मधेच 'हां' म्हणत होती. मी वाचलं, "अवीची. खोटी साक्ष देणारा. उंच डोंगरावरून डोकं खाली करून फेकतात, खाली दगड. चुरा होतो, मरण येत नाही. पुन्हा वर नेतात, पुन्हा फेकतात."

तिचा हात थांबला.

"खोटी साक्ष म्हंजे, मरताना जबाब दिला तर त्यो बी?"

"साक्ष म्हणजे साक्ष. का?"

"मग मनू हितं आसंल," ती म्हणाली.

मनुबाई तिची धाकटी बहीण. हे नाव मी पंधरा वर्षांत पहिल्यांदा ऐकत होतो. बापानं धोंडुबाईला गिरणी कामगाराला दिली होती, पण मनूसाठी सांगली जिल्ह्यातलं बागायतदार घर शोधलं. माणात बायांचा जन्म घागरीखाली जातो. पाण्याच्या गावात पडली तर एक तरी पोरगी सुखी राहील, एवढाच त्याचा विचार. नवऱ्याचं नाव वीरधवल. चार वर्षं बरी गेली, एक मुलगा झाला. मग मोटारसायकलीवरून कुरबुर सुरू झाली, ती बापानं द्यायची कबूल केली होती आणि दुष्काळ पडला होता. एका सकाळी सासूनं स्वयंपाकघराची कडी बाहेरून लावली. आत वीरधवल होता आणि रॉकेलचा डबा होता. तो परसातल्या दारानं बाहेर आला. मनू आली नाही.

सांगलीच्या दवाखान्यात ती सहा दिवस जगली. धोंडुबाई सहाही दिवस तिच्याजवळ होती. तिसऱ्या दिवशी जबाब घ्यायला साहेब आले. मनूनं शुद्धीवर, नीट शब्दांत सांगितलं, "स्टोव्ह भडकला." अंगठा उठण्यासारखा राहिला नव्हता, म्हणून पायाचा घेतला.

"मी म्हनलं, आगं असं का केलंस?" धोंडुबाई सांगत होती. आवाज चढला नाही, उतरला नाही. "तर म्हनली, आक्का, पोरगं त्यांच्या दारात हाय. खरं बोलले तर त्येला कोन जेवाय घालंल? मी म्हनलं, मी नेते त्येला. म्हनली, देनार न्हाईत. आनि न्हाईच दिलं. दोन येळा गेले, कुत्रं सोडलं अंगावर."

मी उठून तिला पाणी दिलं.

"आनि पेटवनारा?" ती म्हणाली. "त्येला कुटला हाय ह्यात?"

मी यादी वरून खाली पुन्हा बघितली. नव्हता. मग मोबाइलवर पूर्ण अठ्ठावीस नरकांची यादी काढली. तिथं होता. सारमेयादन. आग लावणारा, विष घालणारा, गावं लुटणारा. वज्रासारख्या दाढांची सातशे वीस कुत्री त्याला फाडतात. आप्पासाहेबांनी काटलेल्या दहांपैकी तो एक होता.

ती तशीच उठली, हात न धुता. आप्पासाहेब त्या दिवशी कारखान्यातच होते. मी तिच्यामागं गेलो.

"साहेब, कुत्र्यांचा नरक का काडला?"

आप्पासाहेबांना आठवायला वेळ लागला. "तो होय. अहो सातशे वीस कुत्री कुठनं करायची? परवडत नाही. आणि कुत्र्याला कोण भितंय?"

"धा करू. मी रविवारी येऊन करते, मजुरी नगं."

"बाई, जागा नाही. तिथं पाण्याची टाकी आलीय."

"आनि खोटं बोलल्याला जागा हाय?"

"ते पाहिजेच," आप्पासाहेब म्हणाले. "त्यात बाईच दाखवा. बायका खोटं लई बोलतात."

धोंडुबाईनं त्यांच्याकडं बघितलं. तिच्या तोंडावर राग नव्हता. घासायला आलेली मूर्ती साच्यातूनच वाकडी निघाली, की तिचा चेहरा जसा व्हायचा तसा तो झाला होता. "त्यो डोंगर मी रंगवनार न्हाई," एवढं बोलून ती कामाला गेली. धैर्यशीलनं तिला समजावलं, दम दिला, मग कोल्हापूरहून दुसरा पेंटर आणला. त्यानं डोंगरावरून पडणारी हिरव्या साडीतली बाई केली. भुवया कोरलेल्या, ओठ रंगवलेले. चुरा व्हायला निघालेली बाई लग्नाला निघाल्यासारखी दिसत होती.

गुहेचं उद्घाटन थाटात झालं. आम्हाला बोलावणं नव्हतं, आम्ही गेलोही नसतो. पण महिन्याभरात कढईजवळच्या यमदूताचा हात अडकला. तो हात झारा हलवतो, आणि त्यात जुन्या गाडीची वायपर मोटर आहे. मोटर माझी, रंगही ठिकठिकाणी उडालेला, म्हणून धैर्यशीलनं मला आणि धोंडुबाईला टेम्पोनं पाठवलं. रविवार होता. सकाळी अकराला रांग बाहेरच्या वडापावच्या गाड्यापर्यंत आली होती.

गुहा म्हणजे सिमेंटचा बोगदा. लाल दिवे, धुराचं यंत्र, आणि स्पीकरवर किंकाळ्या. त्या आप्पासाहेबांच्या पुतण्यानं नेटवरून उतरवल्या होत्या. त्यातली एक बाई दर दोन मिनिटांनी इंग्रजीत 'हेल्प हेल्प' ओरडत होती. आपल्या पोथीतल्या नरकात ती कशी पोहोचली, हे कुणी विचारत नव्हतं. लोक सेल्फी काढत होते. एकजण सुळाजवळ उभा राहून बायकोला म्हणत होता, "तुझ्या आईला आणायला पाहिजे हितं." हसत होते. म्हणजे आप्पासाहेबांना हवी असलेली भीती मोठ्या माणसांत तर कुठंच दिसत नव्हती.

ती दिसली एका पोरीत. पाच-सहा वर्षांची, दोन वेण्या, गुलाबी फ्रॉक. तिची आजी तिला दंडाला धरून कढईपाशी ओढत होती. "बघ, बघ नीट. आईला उलट बोललं की असं तळत्यात. बोलशील?" पोरगी रडत नव्हती. रडण्याच्या पलीकडं गेली होती, नुसती थरथरत होती, आणि तिच्या पायांखाली फरशी ओली झाली होती. मागची माणसं हसली.

मी मोटर खोलत खाली वाकलेलो. वर बघितलं तर धोंडुबाईनं लुगडं खोचलं होतं आणि ती दोरीच्या आत, थेट कढईच्या काठावर जाऊन बसली होती. उकळत्या तेलाला टेकून, बांधावर बसावं तशी.

"ए बाय," ती पोरीला म्हणाली, "हिकडं बग. माज्याकडं. हे काय हाय सांगू? फायबर हाय. ह्ये वाजव." तिनं तेलातल्या बाईच्या डोक्यावर बोटांनी टकटक केलं. पोकळ आवाज आला. "आत काय हाय? काय न्हाई. मी रंगीवलीय ही. ह्यो हात बग ह्येचा. गाडीच्या काचंवरचं पानी पुसतंय ना, त्ये यंत्र हाय. मोडलंय, म्हनून ह्यो मामा दुरुस्त करतोय."

मी पाना उंचावून दाखवला. पोरगी माझ्याकडं बघायला लागली.

आजी भडकली. "ओ बाई, देवाधर्माची चेष्टा करता व्हय? पोरांना धाक नको?"

"धाक?" धोंडुबाई म्हणाली. ती कढईवरून उठली नाही. लाल दिव्यात तिचा मेलेल्या नवऱ्याचा शर्ट रक्तासारखा दिसत होता. "माजी भन खरी भाजली हुती. मनुबाई तिचं नाव." पुढं तिनं सासरच्या गावाचं नाव घेतलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "नवऱ्यानं पेटीवली, सासूनं कडी लावली. सा दिस जगली. मी हुते तितं. तितं लाल दिवं नव्हतं, शिंगाची मानसं नव्हती. पांडरी चादर हुती आनि ती अंगाला चिकटायची. पेटवनारा अजून हाय, परवा त्येच्या वाडदिवसाचा फ्लेक लागलाय चौकात, समाजभूशन म्हनून. त्यो येऊ दे हितं बगायला. ह्या एवड्याश्या पोरीला काय दावता?"

 स्पीकरवरची बाई 'हेल्प हेल्प' म्हणाली. मग रखवालदार आला आणि त्यानं धोंडुबाईला दंडाला धरून बाहेर काढलं. मला हत्यारं गोळा करायला दोन मिनिटं दिली.

चार जणांनी ते मोबाइलवर घेतलं होतं. संध्याकाळपर्यंत ते सांगलीत पोचलं. सोमवारी धैर्यशीलनं तिला कामावरून काढलं. तो वाईट माणूस नाही, त्याच्या डोक्यावर संस्थानाचं पुढचं काम होतं, एवढंच. आणि संस्थानाचं काय झालं म्हणाल, तर गर्दी दुप्पट झाली. ती बाई ज्या कढईवर बसली ती कढई बघायला लोक लांबून यायला लागले. आप्पासाहेबांनी कढईला लोखंडी कठडा करायचा ठरवला. काम माझ्याकडं आलं. मी घेतलं नाही. या सगळ्या प्रकरणात माझं शौर्य म्हणाल तर तेवढंच.

धोंडुबाई माझ्या शेडाच्या कोपऱ्यात बसू लागली. सांगलीतल्या कापडदुकानांतल्या जुन्या पुतळ्यांना, काचेत साडी नेसून उभ्या असतात त्यांना, नव्यानं नाकडोळे काढायचं काम मी तिला मिळवून दिलं. ती म्हणायची, "ह्या बऱ्या. तोंड मिटून हुब्या ऱ्हात्यात."

तीनेक आठवड्यांनी, भर दुपारी, एक माणूस मोटारसायकलवरून आला. तिशीचा, कंपनीचा शर्ट, खिशावर बिल्ला. हेल्मेट काढून हातात धरलं आणि ते तो शेवटपर्यंत हातातच धरून होता.

"धोंडुबाई इथं असतात का?"

ती पुतळ्याच्या भुवया काढत होती. मान वर न करता म्हणाली, "मीच."

"मी इंद्रजित. साताऱ्याला एमआयडीसीत असतो." तो थांबला. "तुम्ही त्या व्हिडिओत जे नाव घेतलं, ते माझ्या आईचं आहे. गाव माझं आहे."

तिच्या हातातला ब्रश भुवईवरच राहिला. रंगाचा एक ओघळ पुतळ्याच्या डोळ्यात उतरला. मग तिनं ब्रश पाण्यात ठेवला, हात शर्टाला पुसले. मी उठलो, चहा सांगायच्या निमित्तानं. "नगं," ती म्हणाली. "तू बी बस, मिलिंदा."

इंद्रजित लोखंडी स्टुलावर बसला. "स्टोव्ह भडकला, असं मला लहानपणापासून सांगितलंय. मी मोठा झाल्यावर कागद काढून बघितला. तिनं स्वतःच तसं सांगितलंय. मग तुम्ही कशावरून म्हणता?"

"तिनं खोटं सांगितलं."

"का?"

धोंडुबाई त्याच्याकडं बघत राहिली. मला वाटतं, ती त्याच्यात चार वर्षांचं पोर शोधत होती. मग तिनं सगळं सांगितलं. कडी, डबा, परसाचं दार, जबाब, पायाचा अंगठा. मनूचं वाक्य तिनं मनूच्या शब्दांत सांगितलं, "त्येला कोन जेवाय घालंल."

त्यानं हेल्मेटचा पट्टा बोटाला गुंडाळला.

"म्हणजे माझ्यामुळं ते सुटले."

"न्हाई," धोंडुबाई कडक आवाजात म्हणाली. असा आवाज तिनं आप्पासाहेबांनाही लावला नव्हता. "चार वर्साचं प्वार कुनाला सोडवत न्हाई. त्यांनी पेटीवलं, आनि ते सुटलं. तू जेवलास, एवडंच. ती त्येच्यासाटीच बोलली."

"आजी गेली. आप्पा आता माझ्याकडंच असतात," तो म्हणाला. आप्पा म्हणजे वीरधवल. "माझी बायको त्यांना जेवायला वाढते. मी आता काय करू?"

"त्ये मला इचारू नगंस, बाबा. मला कुत्री बी करू दिली न्हाईत."

त्याला ते कळलं नाही. मी नंतर गेटपर्यंत सोडताना सांगितलं, तेव्हा तो पहिल्यांदा रडला.

पुढं काय झालं हे मला कुपवाडात पुष्कळजण विचारतात. लोकांना वाटतं, बापाला मुलानं घराबाहेर काढलं असेल, म्हातारा रस्त्यावर आला असेल, केल्या कर्माचं फळ इथंच भोगलं असेल. तसं काही झालेलं नाही. इंद्रजितनं बापाला समोर बसवून विचारलं. बाप म्हणाला, जुनं उकरू नको. त्यानंतर इंद्रजित त्याच्याशी बोलत नाही. म्हातारा गावाकडच्या घरी परत गेला, तिथं गडी आहे, टीव्ही आहे, उसाला पाणी आहे. साखर थोडी वाढलीय, गोळी घेतो. या वर्षीही फ्लेक्स लागला. पोथीतला नरक खोटा म्हणणारी शहाणी माणसं इथल्या नरकावर मात्र भरवसा ठेवून असतात, आणि मला त्यांचंही हसू येतं.

इंद्रजित महिन्यातून एकदा मावशीकडं येतो. दुसऱ्या का तिसऱ्या खेपेला त्यानं तिला विचारलं, "मावशी, घरात आईचा एकही फोटो ठेवला नाही त्यांनी. तुम्ही चेहरे करता. तिचा कराल?"

ती हो म्हणाली. शाडू आणला, माझ्याकडून छोटा सांगाडा करून घेतला. तीन वेळा चेहरा केला, तीन वेळा मोडला. चौथ्यांदा शाडूवर ओलं फडकं टाकून ती माझ्याजवळ येऊन बसली.

"येत न्हाई रं," म्हणाली. "मला त्ये सा दिवसाचंच त्वांड दिसतंय. आदीचं पुसून गेलंय. कंडक्टर याद हाय, नर्स याद हाय. मनू न्हाई."

मग ती आणि इंद्रजित म्हसवडला गेले, सिद्धनाथाच्या देवळामागं राहणाऱ्या एका म्हातारीकडं. तिच्या लेकीच्या लग्नाला मनू गेली होती, असं धोंडुबाईला आठवत होतं. म्हातारीनं पत्र्याची ट्रंक उघडली. अल्बममधले अर्धे फोटो एकमेकांना चिकटलेले होते. एका फोटोत हळदीच्या बायांच्या मागच्या रांगेत, कुणाच्या तरी खांद्याआड अर्धी झाकलेली, अठरा-एकोणीस वर्षांची एक पोरगी दात काढून हसत होती.

इंद्रजितनं मोबाइलवर त्या फोटोचा फोटो काढला, मोठा केला, आणि मावशीच्या हातात दिला. धोंडुबाईनं मोबाइल डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"हां, हीच," ती म्हणाली. "पर नाक येवडं मोटं नव्हतं तिचं. फोटूवाल्याला काय आकल न्हाई."